विसळलेल्या वाटीचं पाणी

सरकारी दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईला लोक दोन कारणांनी घाबरतात. एक, ती साखर बंद करील. दुसरं, ती भात बंद करील. ही भीती घालवण्यात माझी अख्खी नोकरी गेली, भीती काही गेली नाही. अजूनही लातूरच्या बाजारात एखादा जुना पेशंट समोरून आला की आधी हातातली जिलेबीची पुडी पिशवीत सरकवतो आणि मग नमस्कार करतो. मी पिशवीकडे बघत नाही. निवृत्त माणसाला एवढं औदार्य परवडतं.

मी गृहविज्ञान शिकले आणि नांदेडला नोकरीला लागले. तेवढ्यात उस्मानाबादेतून वेगळा निघून लातूर जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला सगळंच नवं हवं होतं, त्यात एक आहारतज्ज्ञही हवी होती. नांदेड सोडायला कोणी तयार नव्हतं, म्हणून माझा नंबर लागला. लातूरला मला एक टेबल, एक वजनकाटा आणि पत्र्याखालचं स्वयंपाकघर मिळालं. वॉर्डातल्या पेशंटांचं दूध, पाव, अंडी, वरण-भात बघायचं आणि डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन पाठवलेल्या माणसाला काय खावं ते सांगायचं, हे काम.

बाहेरच्यांना वाटतं, सांगणं हेच आमचं काम. सांगणं सोपं असतं हो. समोरचा माणूस खरोखर काय खातो ते त्याच्याकडून काढून घेणं, तिथे कस लागतो. लोक खोटं बोलत नाहीत. पण ज्याला ते खाणं समजतात तेवढंच सांगतात. चहा म्हणजे खाणं नव्हे. शेंगदाणे म्हणजे खाणं नव्हे, ते येता-जाता तोंडात टाकायचे असतात. लग्नातलं जेवण तर दुसऱ्याच्या घरचं, ते आपल्या हिशेबात कशाला धरायचं? मी त्यामुळे कधी सरळ ‘काय खाता’ असं विचारत नसे. सकाळी उठल्यापासून कुठे कुठे बसता, कोण काय हातात देतं, असं विचारत विचारत माणसाच्या ताटापर्यंत जायची.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ओट्स आले. आधी टीव्हीवर आले, मग पुण्याच्या मुलांच्या बॅगांतून आले, मग किराणा दुकानात बिस्किटांच्या शेजारी येऊन बसले. त्यांच्याबरोबर नवे घोटाळेही आले. मुखेडकडच्या एका बाईंना मुलाने वजन कमी करायला मसाल्याचे ओट्स आणून दिले होते. महिन्याने वजन वाढलेलं. विचारत गेले तेव्हा बाई खुशीत म्हणाल्या, “लई झ्याक लागतंय बाई. त्याच्यासंगं दोन भाकरी कवा जात्यात कळत न्हाई.” त्यांनी ओट्सचं पिठलं करून टाकलं होतं. कंधारचे एक गुरुजी सकाळी पोटभर पोहे खात आणि अर्ध्या तासाने, औषध घेतल्यासारखं तोंड करून, वर वाटीभर ओट्स घेत. डॉक्टरांनी ओट्स खा म्हटलं होतं, पोहे सोडा असं म्हटलं नव्हतं, हे त्यांचं म्हणणं.

ओट्स म्हणजे ज्वारी-गव्हासारखंच एक धान्य. त्याची साल काढतात, वाफवतात आणि रुळाखाली चपटं करतात, आपल्या पोह्यांसारखं. जाड ठेवलं तर शिजायला वेळ लागतो. पातळ चेपून बारीक केलं की झाले झटपट ओट्स. उकळतं पाणी ओतलं की तयार. त्यांचा गुण आहे तो चिकटपणात. शिजल्यावर जी खळ सुटते ती पोटात अन्न धरून ठेवते, साखर रक्तात हळूहळू जाऊ देते, कोलेस्टेरॉललाही थोडा आवर घालते. पण धान्य जितकं बारीक केलेलं, तितकं ते लवकर पचतं, म्हणून झटपट ओट्सची साखर जाड ओट्सपेक्षा भरभर चढते. तरीसुद्धा साधे झटपट ओट्स, दुधात नाहीतर ताकात, वर मूठभर शेंगदाणे, हा नाश्ता वाईट नाही. चहात बुडवलेल्या खारीपेक्षा कितीतरी बरा. पंचाईत असते ती स्वादाच्या पाकिटांची. मधाचं, आंब्याचं, चॉकलेटचं पाकीट घेतलं की साखर आली आणि मसाल्याचं घेतलं की मीठ आलं. पुढे छानसं चित्र असतं आणि खरी गोष्ट मागे बारीक अक्षरात. मी सगळ्यांना सांगायची, पाकीट उलटं करून वाचा. घरात ज्वारी असताना ओट्ससाठी एवढं हळहळायचं कारण नाही हेही सांगायची, पण तेवढं वाक्य कोणाच्या कानात शिरत नसे.

हे सगळं ज्ञान पाजळून झालं. आता मन्मथअप्पांची गोष्ट सांगते, कारण त्यांच्यापुढे हे सगळं ज्ञान कितीतरी दिवस गप्प बसून राहिलं होतं.

अप्पा उदगीरचे. तिथल्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पिढीजात आडत, म्हणजे शेतकऱ्याने आणलेला माल व्यापाऱ्याला विकून देण्याचा धंदा. सत्तरीचे, उंच, पांढरं धोतर, कपाळाला भस्माचे आडवे पट्टे. एक डोळा लहानपणीच देवीच्या साथीत गेलेला. दुसऱ्यावर मोतीबिंदू पिकला होता. पैसेवाला माणूस सरकारी दवाखान्यात कसा आला, तर आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा हात चांगला, ही कीर्ती उदगीरपर्यंत गेली होती. पण डॉक्टरही हट्टी. रक्तातली साखर उतरल्याशिवाय ऑपरेशन करणार नाही म्हणाले. माणसाला उरलेला एकच डोळा, त्यात साखरेमुळे जखम चिघळली तर उरलेला उजेडही जायचा. म्हणून साखर उतरवायला अप्पा माझ्या टेबलापुढे येऊन बसले.

मी म्हटलं, अप्पा, दुकानात माल ओळखायला अडचण होत असेल. त्यांनी मान हलवली. धान हाताला कळतं म्हणाले, ज्वारी जुनी का नवी हे दातालाही कळतं. मग उजव्या हाताने गळ्यातली चांदीची डबी धरली. लिंगायतांच्या घरात या डबीतलं इष्टलिंग रोज सकाळी डाव्या तळहातावर घेतात आणि पूजा करून त्याच्याकडे एकटक बघत बसतात. ती पूजा झाल्याशिवाय अप्पा पाण्याचा घोट घेत नसत.

“बाई, हातावरलं लिंग दिसत न्हाई,” ते म्हणाले. “हात तेवढा दिसतोय. त्यो बी धुरकट.”

त्यांच्याबरोबर सून आली होती, जगदेवी. माहेर भालकीचं, त्यामुळे मराठी बोलताना मध्येच कानडीचा ठसका यायचा. घरात ती, तिचा नवरा, दोन मुली आणि अप्पा. सासूबाई वारल्यापासून अप्पांचं खाणं-पिणं तिच्याकडे. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. धाकटा दीर पुण्याला. तो दर महिन्याला ओट्सचं खोकं पाठवायचा आणि दर आठवड्याला फोनवर साखर विचारायचा. साखर उतरत नव्हती. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, तरी उतरत नव्हती. दीर म्हणायचा, वहिनी, तुम्ही लक्ष देत नाही. पुढे पुढे जगदेवीचा नवराही तेच म्हणायला लागला.

मी माझी सगळी हत्यारं वापरून पाहिली. अप्पा चहा बिनसाखरेचा घेत. मोंढ्यात कोणी काही देत नसे, कारण दुष्काळामुळे मोंढाच रिकामा होता. गुळाचा खडा नाही, केळं नाही. सकाळी वाटीभर साधे ओट्स, दुपारी भाकरी-वरण, रात्री भाकरी-भाजी. “चिखलावानी लागतंय,” अप्पा ओट्सबद्दल म्हणत, “पन खातो.” त्यांच्या बोलण्यात कुठे फट सापडेना. दर खेपेला तपासणी व्हायची, दर खेपेला तारीख पुढे जायची. त्यातही माणूस विनोद सोडत नव्हता. उदगीरचा वेगळा जिल्हा होणार हे बोलणं तिकडे वर्षानुवर्षं चालू आहे. अप्पा म्हणायचे, आधी जिल्हा होतो का आधी माझा डोळा, बघू. सून मात्र हसत नव्हती. ती दर खेपेला वाळत चालली होती.

एकदा अप्पा रक्त द्यायला गेले असताना ती माझ्याजवळ थांबली आणि हळूच म्हणाली, “बाई, तुमाला बी वाटायलंय का, मी मामांना गोड देते म्हनून?”

मला तसं वाटत नव्हतं, आणि तसं मी सांगितलं. पण नुसत्या माझ्या वाटण्याने तिचं भागणार नव्हतं. एकदा सकाळी घरी या आणि डोळ्यांनी बघा, म्हणाली. पुढच्या आठवड्यात उदगीरला आमचं आरोग्य शिबिर होतं. मी येते म्हटलं.

ते लातूरला रेल्वेने पाणी आणलं ते वर्ष. उदगीरलाही नळ कधी येईल त्याचा नेम नव्हता. गल्लीच्या तोंडाशी टँकर उभा होता आणि बायका घागरींची रांग लावून उभ्या होत्या. जगदेवीच्या अंगणातही पिंप, घागरी, बादल्या, अगदी जुनी दुधाची किटलीसुद्धा भरून ठेवलेली.

त्या घराच्या उंबऱ्यावर मी क्षणभर थांबले, हे सांगितलं पाहिजे. मी मुखेड तालुक्यातली. आमच्या घरच्यांनी छप्पन्नच्या दीक्षेनंतर बौद्ध धम्म घेतला, त्यानंतरचा माझा जन्म. पण घरच्यांनी धर्म बदलला म्हणून बाजार बदलला नव्हता. मुखेडच्या आठवडी बाजारात माझ्या आईच्या पदरात दुकानदार मीठ वरून टाकायचा, हात लागू नये म्हणून. पाणी मागितलं तर तेही वरूनच, ओंजळीत. आई घरी येऊन काही बोलायची नाही, पण त्या मिठाचा डबा ती जरा आपटूनच ठेवायची. पुढे मी शिकले, साहेब लोकांच्या घरी चहा प्यायले, सगळं झालं. तरी असं जुनं व्यापाऱ्याचं घर दिसलं की माझे पाय उंबऱ्याशी अडतात. अप्पांना माझं आडनाव माहीत होतं आणि आमच्या भागात आडनाव कळलं की बाकीचं विचारावं लागत नाही.

जगदेवीने पेला हातात दिला. मी पाणी प्यायले आणि ओट्याजवळ बसले. तिने माझ्यासमोर अप्पांचे ओट्स मोजले, साधे, बिनसाखरेचे. शिजवले, चिमूटभर मीठ घातलं. मुलींना शाळेची घाई, त्यांच्यासाठी काकांनी पाठवलेली आंब्याच्या स्वादाची पाकिटं. मी पाहुणी, म्हणून मलाही मानाने आंब्याचंच. अप्पांची पूजा झाली. घरात शिजलेलं आधी लिंगाला दाखवून मगच खायचं, हा त्यांचा नियम. म्हणजे त्यांच्या लेखी तो ओट्सचा गोळाही प्रसादच. अप्पांनी आपली वाटी शांतपणे संपवली. मग तीत थोडं पाणी घालून विसळली आणि ते पाणी पिऊन टाकलं. ताट-वाटी अशी धुऊन पिणं ही त्यांच्यात जुनी रीत, प्रसादाचा कण वाया जाऊ नये म्हणून. मला ती ठाऊक होती.

सगळं अगदी जगदेवी म्हणाली होती तसंच चाललं होतं. माझे ओट्स इतके गोड होते की मला अर्ध्यावर थांबावं लागलं. मुलींनीही निम्मं-निम्मं तसंच ठेवून दप्तरं उचलली. जगदेवी त्यांच्या वेण्या बांधत बाहेरच्या खोलीत गेली.

अप्पा उठले आणि चाचपडत मोरीपाशी जाऊन बसले. जवळच्या तांब्यातलं थोडं पाणी त्यांनी एका मुलीच्या वाटीत घातलं, बोटाने कडेचं सगळं सोडवलं, ढवळलं आणि प्यायले. दुसऱ्या मुलीची वाटीही तशीच. मग त्यांनी हात लांब केला आणि माझी वाटी ओढून घेतली. तिच्यात पाणी घातलं, बोटाने माझं उष्टं सोडवलं आणि तेही पिऊन वाटी पालथी ठेवली.

दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकदम शिरल्या. एक म्हणजे, साखर सापडली होती. दुसरी म्हणजे, माझं आडनाव माहीत असलेला हा माणूस माझं उष्टं प्यायला होता.

मी विचारलं, अप्पा, हे रोज करता? काय रोज, म्हणाले. मी वाट्या दाखवल्या.

“हे कुठं खानं हाय बाई,” अप्पा म्हणाले. “हे तर भांडं विसळनं हाय.”

त्यांना खरंच तसं वाटत होतं. ओट्सची वाटी चिकट असते, ती घासायला तांब्या-तांब्या पाणी लागतं, आणि त्या वर्षी तांब्याभर पाणी म्हणजे चेष्टा नव्हती. शिवाय प्रसाद टाकायचा नाही. म्हणून सुनेला दिसायच्या आत ते सगळी भांडी अशी स्वच्छ करून ठेवत. मुली शाळेतून आल्यावर पुन्हा तेच पाकीट फोडत, पुन्हा निम्मं ठेवत, आणि अप्पा पुन्हा विसळत. जगदेवीला वाटायचं, मुली सगळं संपवतात आणि मामा नुसत्या वाट्या विसळून देतात. उलट तिला त्यांचं कौतुक होतं. ज्या चिकटपणाचे गुण मी पेशंटांपुढे गात होते, तोच वाटीच्या कडेने आंब्याची साखर धरून अप्पांची वाट बघत बसत होता.

मी जगदेवीला आत बोलावून सगळं सांगितलं. ती मोरीच्या कट्ट्यावर बसली, पदर तोंडाला लावून आधी हसली आणि मग रडली. रडणं संपायच्या आत मी तिच्या नवऱ्याला दुकानातून बोलावून घेतलं आणि दिराला फोन लावला. दोघांना मी माझ्या सरकारी आवाजात समजावलं की चूक कोणाची आहे ते नंतर पाहू, पण ती या बाईची नाही. नवऱ्याने तिथेच तिची माफी मागितली. पुण्याहून दिराने वहिनीला फोन द्यायला सांगितलं.

आता उपाय. वाट्या विसळू नका असं अप्पांना सांगणं म्हणजे त्यांचा नेम मोडणं आणि पाणीही सांडणं. दोन्ही मला जमणारं नव्हतं. म्हणून मी तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत कधी केलं नव्हतं ते केलं, पेशंटला सोडून त्याच्या नातींना पथ्य लावलं. या घरात मुली जे टाकतील ते आजोबांच्या पोटात जाणार. तेव्हा मुलींना तेच द्यायचं जे आजोबांना चालेल, आणि तेही थोडं थोडं वाढायचं. एक दिवस ताकातल्या ज्वारीच्या कण्या, एक दिवस साधे ओट्स, जिरं-मीठ आणि शेंगदाण्याचं कूट घालून. आंब्याची पाकिटं बंद. मुलींनी पहिले काही दिवस माझ्या नावाने बोटं मोडली, असं जगदेवीने पुढच्या खेपेला मोठ्या आनंदाने सांगितलं.

साखर उतरायला लागली. डॉक्टरांनी वाढवलेल्या गोळ्या पुन्हा कमी केल्या. पावसाळा अर्धा सरला तेव्हा अप्पांचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली त्या दिवशी मी मुद्दाम वॉर्डात गेले नाही. परिचारिकेने नंतर सांगितलं, की अप्पांनी डॉक्टरांना नमस्कार केला, भिंतीकडे तोंड करून बसले, डबी उघडली, आणि बराच वेळ कोणी हाक मारली तरी ओ दिली नाही.

माझ्या मनात मात्र एक शंका उदगीरहून माझ्याबरोबर लातूरला आली होती आणि ती काही जाईना. त्या सकाळी अप्पांना दिसत कुठे होतं? तिसरी वाटी कोणाची हे त्यांना कळलं तरी होतं का? नातीचीच समजून ओढली असेल. मग मी उगाच भारावून गेले होते. असं म्हणायचं आणि कामाला लागायचं. पण वॉर्डातल्या स्वयंपाकघरात उष्ट्या वाट्यांचा ढीग दिसला की पुन्हा तेच आठवायचं.

दिवाळीच्या सुमाराला उदगीरला पुन्हा शिबिर लागलं. जगदेवीचा निरोप होता, खाऊन जायचं. या खेपेला पिंपं अंगणाच्या कडेला गेली होती. ताकातल्या कण्या होत्या, वर जवसाची चटणी. चव इतकी छान की वाटी चाटून पुसून संपवावी. मी दोन घास ठेवले. मुद्दाम ठेवले, ते काय लपवायचं.

मुली शाळेला गेल्या. अप्पा मोरीपाशी बसले. आता ते चाचपडत नव्हते. नाकावर नवा चष्मा होता. नातींच्या वाट्या झाल्यावर त्यांनी माझ्या वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, चांगलं नीट पाहिलं. मी नजर खाली केली. पाणी ओतल्याचा आवाज आला. मी वर बघितलं तेव्हा ते वाटी तोंडाला लावून पीत होते.

“मीठ कमी हाय बाई,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “मीच सांगितलंय कमी घालायला.”

“हाव,” अप्पा म्हणाले. “मागल्या बारीची तुमची वाटी लई गोड होती.”

 आई आठवली, तिचा तो आपटून ठेवलेला मिठाचा डबा आठवला. असं काही होईल हे तिला कोणी सांगितलं असतं तर तिने विश्वास ठेवला नसता. अप्पांनी वाटी पालथी न घालता तशीच माझ्यापुढे ठेवली. आतून जगदेवीने विचारलं, बाई, अजून वाढू का थोडं? थांबा, दुसरी वाटी आणते.

मी म्हटलं, “दुसरी कशाला? हीच आहे की, विसळलेली.”